टाकीतली पाणबुडी मोटार

‘सपाटीला गाडी मस्त पळते, पण घाट लागला की ओढत नाही. मेकॅनिक म्हणतो, पंप गेला. खरंच गेला असेल का? आणि गेलाच असेल, तर घरच्या अंगणात बदलता येईल का?’

या दोन प्रश्नांसाठी हे प्रकरण आहे. पहिल्याचं उत्तर ‘कदाचित’. दुसऱ्याचं उत्तर ‘बऱ्याच गाड्यांत हो’, पण त्याला एक मोठी अट आहे आणि ती पेट्रोलच्या वाफेशी जोडलेली आहे. पंप काढून नवा बसवणं हे दोन-तीन तासांचं काम. ते दोन-तीन तास जीव सांभाळून कसे काढायचे, हे समजायला मात्र सवड द्यावी लागते. म्हणून आधी पंप, मग वाफ, आणि पाना सगळ्यात शेवटी.

१. घाटाखालच्या गाड्या

कर्जत स्टेशनात एक दृश्य रोज दिसतं. मुंबईकडून आलेल्या पुण्याच्या गाडीला मागून जास्तीची इंजिनं लागतात. रेल्वेवाले त्यांना ‘बँकर’ म्हणतात. कर्जतपर्यंत एकाच इंजिनाने आरामात आणलेली गाडी पुढे त्याच इंजिनाला पेलत नाही, कारण १८६३ साली सुरू झालेल्या बोरघाटाच्या या मार्गावर चढ ३७ला १ आहे. म्हणजे ३७ मीटर पुढे सरकलं की गाडी एक मीटर वर चढलेली असते.

मोटारीला मागून रेटायला कुणी येत नाही. खोपोली समुद्रसपाटीपासून शंभर मीटरच्याही खाली आहे, लोणावळा सहाशेच्या वर. मधल्या थोड्याशा अंतरात, शिंग्रोबाच्या देवळावरून जाणाऱ्या जुन्या हायवेने जा नाहीतर एक्स्प्रेसवेने, इंजिनाला सपाटीच्या कितीतरी पट ताकद लावावी लागते. नेरळहून दस्तुरी नाक्यापर्यंतचा माथेरानचा घाट तर याहून खडा आहे. ताकद जास्त म्हणजे पेट्रोल जास्त, आणि ते पुरवायचं काम पंपाचं. पंप थकलेला असेल तर पनवेल ते चौक, चौक ते कर्जत या रस्त्यांवर त्याचा थकवा कळत नाही. कळतो तो खोपोली सोडल्यावर. मुंबईच्या सपाट रस्त्यावर वर्षभर लपून राहील असा आजार आपल्याकडे एका रविवारी उघडा पडतो. गैरसोय होते हे खरं, पण माझ्या मते ही एक सवलतच आहे. आजार वेळेत कळतो.

२. पंपाची गरज कुठून आली

बजाजची चेतक ज्यांनी चालवली त्यांना आठवत असेल, तिला पेट्रोलचा पंपच नव्हता. टाकी सीटखाली, कार्ब्युरेटर तिच्याही खाली. कॉक उघडला की पेट्रोल आपसूक उतरायचं, जसं गच्चीवरच्या टाकीतलं पाणी मोरीतल्या नळाला येतं.

मोटारीतही सुरुवातीला हीच सोय होती. १९०८ साली आलेल्या फोर्डच्या ‘मॉडेल टी’ गाडीत टाकी पुढच्या सीटखाली असे. खड्या चढावर गाडीचं तोंड वर गेलं की इंजिन टाकीपेक्षा उंच जायचं आणि पेट्रोल उतरायचं थांबायचं. मग चालक काय करत? गाडी वळवून मागच्या गिअरमध्ये उलटी चढवत. उलटी केली की टाकी वर आणि इंजिन खाली!

पुढे टाकी मागच्या बाजूला गेली आणि पंपाशिवाय भागेना. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघालेल्या फियाट-पद्मिनी गाड्यांमध्ये इंजिनालाच एक छोटा पंप जोडलेला असे. इंजिन फिरलं की आतला रबरी पडदा वरखाली व्हायचा आणि मागच्या टाकीतलं पेट्रोल ओढून घ्यायचा. १९८३ साली आलेल्या मारुती ८०० मध्येही पहिली बरीच वर्षं हाच प्रकार होता.

या पंपाची एक अडचण होती. तो तापलेल्या इंजिनाला चिकटून बसायचा आणि पेट्रोल ढकलण्याऐवजी ओढायचा. ओढताना नळीतला दाब कमी होतो, आणि दाब कमी झाला की कोणताही द्रव लवकर उकळतो. पेट्रोलमधले हलके घटक मुळातच चाळीस अंशांच्या आतबाहेर उकळू लागतात. एप्रिल-मेमध्ये कर्जतचा पारा चाळिशी ओलांडतो, त्यात घाट, त्यात तापलेलं बॉनेट. नळीत पेट्रोलऐवजी वाफेचा बुडबुडा भरायचा आणि गाडी बंद पडायची. घाटात बॉनेट उघडून पंपावर ओलं फडकं टाकून उभ्या असलेल्या फियाट आमच्या पिढीने खूप पाहिल्या. त्या ओल्या फडक्यात चांगलं भौतिकशास्त्र होतं. पंप थंड झाला की वाफेचं पुन्हा पेट्रोल व्हायचं.

मग प्रदूषणाचे नियम आले. २००० सालापासून धुराची मर्यादा देशभर कडक झाली, कार्ब्युरेटर मागे पडला आणि पेट्रोल मोजून फवारणारे इंजेक्टर आले. फवारायला दाब हवा. तो दाब देण्यासाठी विजेवर चालणारा पंप आला, आणि त्याची जागा ठरली थेट पेट्रोलच्या टाकीत.

३. बोअरची मोटार आणि गाडीचा पंप

विजेची मोटार पेट्रोलमध्ये बुडवून ठेवायची, हे ऐकून पहिल्यांदा अंगावर काटा येतो. पण आपल्याकडे वाडीत, फार्महाउसवर, सोसायटीत जिथे बोअर आहे तिथे अशीच एक मोटार पाण्यात बुडालेली असते. सबमर्सिबल म्हणजे पाणबुडी मोटार. तिला तळाशी का सोडतात? वर बसवलेली मोटार पाणी ओढू शकते ते व्यवहारात सात-आठ मीटर, फार नाही. तळाशी बसलेली मोटार पाणी ढकलते, आणि ढकलायला अशी मर्यादा नाही. गाडीचा पंप टाकीत गेला तो याच कारणाने. ढकललेल्या पेट्रोलवर दाब असतो, त्यामुळे नळीत वाफ धरत नाही.

साम्य इथे संपत नाही. बोअरची मोटार भोवतालच्या पाण्याने थंड राहते. पाणी खाली गेलं आणि मोटार कोरडी फिरली की जळते. गाडीचा पंपही पेट्रोलनेच थंड राहतो आणि पेट्रोलच त्याचं वंगण. महिनोन्महिने रिझर्व्हवर गाडी चालवणाऱ्याचा पंप लवकर जातो तो यामुळे. सीएनजीवाल्यांनी हे जास्त लक्षात ठेवावं. बाहेरून बसवलेल्या काही किटमध्ये गाडी गॅसवर पळत असतानाही पेट्रोलचा पंप फिरतच राहतो, आणि टाकीत मात्र दोन लिटर पेट्रोल. पाव टाकी पेट्रोल कायम ठेवलं तर हा खर्च टळतो.

तिसरं साम्य फूट व्हॉल्व्हचं, ज्याला शेतकरी सरळ ‘फुटबॉल’ म्हणतात. विहिरीवरची मोटार बंद केली तरी पाइपातलं पाणी परत विहिरीत जाऊ नये म्हणून तो तळाशी असतो. तो गळू लागला की रोज सकाळी मोटारीला आधी पाणी पाजावं लागतं. गाडीच्या पंपातही अशी एकमार्गी झडप असते. ती गळू लागली की रात्रभरात नळीतलं पेट्रोल टाकीत उतरतं आणि सकाळी सेल्फ मारत बसावं लागतं. एकदा सुरू झाली की गाडी दिवसभर तक्रार करत नाही.

पंपाच्या तळाशी कापडासारखी बारीक जाळी असते आणि शेजारी पेट्रोलची पातळी सांगणारा तरंगता गोळा. पंप, जाळी, गोळा, दाब ठरावीक ठेवणारी झडप, हे सगळं एका प्लास्टिकच्या सांगाड्यात बसवून टाकीत उभं सोडलेलं असतं. या अख्ख्या सांगाड्याला दुकानदार ‘पंप असेंब्ली’ म्हणतात.

४. थोडं गणित

बहुतेक साध्या पेट्रोल गाड्यांत पंप ३ ते ४ बार दाब देतो. टायरमधली ३२ पीएसआय हवा म्हणजे २.२ बार, त्यावरून अंदाज यावा. पाण्याच्या भाषेत ३ बार म्हणजे तीस मीटर उंच स्तंभ, दहा मजली इमारतीच्या गच्चीवर पाणी चढवण्याइतका जोर. आणि विजेचा खर्च? १२ व्होल्ट गुणिले साधारण ५ अँपिअर, म्हणजे ६० वॅट. पूर्वी घरात असायचा तो पिवळा बल्ब एवढीच वीज खायचा.

आता घाटाकडे वळू. सपाटीला गाडी ताशी ६० किलोमीटरने चालली आहे आणि लिटरला १५ किलोमीटर देते आहे असं धरा. तासाला ४ लिटर पेट्रोल पुरतं. तीच गाडी घाटात पूर्ण ताकदीने चढू लागली तर लहान इंजिनसुद्धा ताशी २० लिटरच्या वेगाने पेट्रोल मागू शकतं. मागणी पाचपट झाली.

नवा पंप सहसा ताशी ८० लिटरच्या घरात देतो. म्हणजे १५ सेकंदांत ३३३ मिलिलिटर, पाण्याच्या मोठ्या पेल्याएवढं. समजा तुमचा पंप १५ सेकंदांत जेमतेम ६० मिलिलिटर देतोय. मिनिटाला २४०, तासाला १४.४ लिटर. सपाटीला लागतात ४, म्हणून गाडी छान पळते. घाटात लागतात २०, आणि इंजिन उपाशी राहतं. गाडी झटके खाते, अ‍ॅक्सिलरेटर दाबला तर उलट मंदावते, पाय सैल सोडला की सावरते. (ही मोजणी समजण्यासाठी सांगितली. अंगणात पेट्रोलची धार सोडून ती करायची नाही. गॅरेजवाला दाबाचं मीटर लावून पाच मिनिटांत तेच सांगतो.)

५. पंप खरंच गेलाय का?

या भागासाठी मी हट्टाने जास्त जागा ठेवली आहे. चांगले पंप नाहक बदलले जाताना मी पाहिले आहेत, त्यातला एक माझ्या स्वतःच्या गाडीचा.

एका ऑगस्टमध्ये भर पावसात माझी गाडी चौकजवळ बंद पडली. टोचन लावून गॅरेजला नेली, पंप बदलला, काही हजार मोजले. आठ दिवसांनी गाडी पुन्हा तशीच उभी. या वेळी मी स्वतः मीटर घेऊन बसलो. बॅटरीवर १२.४ व्होल्ट, पंपाच्या प्लगवर ९.१. मधले तीन व्होल्ट कुठे गेले? मागचा गालिचा उचलला तर अर्थिंगच्या वायरचं टोक जिथे बॉडीला स्क्रूने आवळलेलं असतं तिथे पाणी झिरपलेलं, पितळी कडीवर हिरवट पापुद्रा धरलेला आणि स्क्रूच्या आट्यांत तांबूस भुगा. स्क्रू काढला, पॉलिश पेपरने कडी आणि पत्रा दोन्ही चकचकीत होईतो घासले, ग्रीस लावून पुन्हा आवळलं. जुना पंप परत जोडून पाहिला, तोही व्यवस्थित चालला.

वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस झेलणाऱ्या आपल्या भागात गंज हा पहिला संशयित. दुसरा उंदीर. भाताच्या खाचराशेजारी उभी राहणारी गाडी आणि तिच्यातल्या वायरी यांना कापणीनंतर फार जपावं लागतं.

म्हणून पंपापर्यंत जाण्याआधी या क्रमाने तपासा. गाडी शांत जागी उभी करा, चावी फक्त ‘ऑन’पर्यंत फिरवा, सेल्फ मारू नका. मागच्या सीटवर बसलेल्या माणसाला बहुतेक गाड्यांत दोनेक सेकंद ‘झूंऽऽ’ असा आवाज येतो आणि थांबतो. पंप नळीत दाब भरतोय. इंजिन फिरल्याची खबर मिळाली नाही तर गाडीचा संगणक त्याला थांबवतो.

आवाज अजिबात आला नाही, तर प्रथम डॅशबोर्डवरचा किल्लीचा दिवा पाहा. इमोबिलायझरने चावी ओळखली नाही तर बऱ्याच गाड्यांत पंप सुरूच होत नाही. मग फ्यूज. मग रिले. रिले म्हणजे छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारी डबी. तशाच नंबरची दुसरी डबी, बहुतेकदा हॉर्नची, तिच्या जागी लावून पाहा. तरीही शांतता असेल तर प्लगवर व्होल्ट मोजा. १२च्या आसपास येताहेत आणि पंप गप्प आहे, तर आतली मोटार गेली. टाकीच्या तळाला मुठीने हलके ठोकल्यावर ती क्षणभर जागी झाली, तर आतले ब्रश झिजले असं समजा.

आवाज येतो पण गाडी ओढत नाही, तर फिल्टर किंवा जाळी तुंबलेली असू शकते. आवाज येतो आणि तक्रार फक्त सकाळची आहे, तर चावी तीनदा ‘ऑन-ऑफ’ करा, प्रत्येक वेळी दोन सेकंद थांबा, मग सेल्फ मारा. लगेच सुरू झाली तर ‘फुटबॉल’ गळतोय.

पेट्रोलकडेही पाहा. हल्ली पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल पाणी ओढून घेतं. पाणी एका मर्यादेपलीकडे गेलं की इथेनॉल त्याच्यासकट वेगळं होऊन तळाशी बसतं, नेमकं जाळीपाशी. फार्महाउसवर अख्खा पावसाळा उभी ठेवलेली गाडी गणपतीत सुरू होत नाही, त्यामागे पुष्कळदा हे असतं. अशा वेळी पंप बदलण्याआधी टाकी साफ करायला हवी.

आणि एक फुकट तपासणी. कंपनी कधीकधी स्वतःहून पंप बदलून देते. जुलै २०२० मध्ये मारुती सुझुकीने वॅगनआर आणि बलेनो मिळून १,३४,८८५ गाड्या पंपासाठी परत बोलावल्या होत्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये होंडानेही पंपातल्या सदोष चकतीसाठी नव्वद हजारांवर जुन्या गाड्या बोलावल्या. कंपनीच्या संकेतस्थळावर चॅसी नंबर टाकला की आपली गाडी त्यात आहे का ते कळतं.

६. उघडी टाकी

आता त्या अटीकडे येऊ. पेट्रोलमध्ये बुडालेल्या मोटारीत ब्रश आहेत आणि ब्रशवर ठिणग्या उडतात. मग टाकी पेटत का नाही?

चुलीकडे पाहा. ओली लाकडं धुमसतात, चुलीत धूर कोंडतो, जाळ धरत नाही. फुंकणीने हवा मारली की भडका उठतो. जळण होतंच, कमी होती ती हवा. पेट्रोलच्या वाफेचं तसंच आहे. हवेत तिचं प्रमाण साधारण १.४ ते ७.६ टक्के असेल तरच ती पेटते. त्याहून कमी असेल तर जळण अपुरं, जास्त असेल तर हवा अपुरी. बंद टाकीत वाफ इतकी दाट असते की ठिणगी पडूनही काही होत नाही.

पण आपण झाकण उघडतो. बाहेरची हवा आत जाते, आतली वाफ बाहेर येते, आणि दाटपासून विरळपर्यंतच्या प्रवासात ती त्या पेटत्या पट्ट्यातून जातेच. धोका तेव्हाचा आहे. म्हणूनच पेट्रोल उपसून रिकामी केलेली टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त घातक असते. तिच्यात द्रव नसतो, हवा मिसळलेली वाफ असते. रिकाम्या टाकीला वेल्डिंग करायला जाऊन माणसं दगावतात ती यामुळेच.

किती पेट्रोल पुरतं? चहाच्या कपाएवढं, १०० मिलिलिटर, सांडून पूर्ण उडालं तर वीसेक लिटर वाफ होते. ती पसरत १.४ टक्क्यांवर आली की सुमारे चौदाशे लिटर हवा पेटण्याजोगी होते. गच्चीवरच्या हजार लिटरच्या काळ्या टाकीत ती मावणार नाही.

ही वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. हिवाळ्यात पहाटे उल्हास नदीच्या काठाने धुकं जसं खाली बसून राहतं तशी ती जमिनीलगत सरकत जाते. उंबरठ्यावरून, गटारातून, पायऱ्यांवरून उतरत देवघरातल्या निरांजनापर्यंत किंवा मागच्या अंगणातल्या पाणी तापवायच्या चुलीपर्यंत पोचते, आणि आग त्याच वाटेने परत येते. पेट्रोल उणे चाळीस अंशांनाही पेटण्याइतकी वाफ सोडतं, त्यामुळे ‘आज हवा थंड आहे’ हा दिलासा इथे नाही. १३ जून २०२३ रोजी एक्स्प्रेसवेवर कुणे पुलाजवळ ज्वलनशील रसायन नेणारा टँकर उलटला. आग पुलाखालच्या रस्त्यावरही उतरली आणि चार जणांचा जीव गेला. प्रमाण वेगळं असलं तरी जळता द्रव उताराकडे धावतो हा नियम आपल्या अंगणालाही लागू आहे.

म्हणून काम उघड्या अंगणात, उजेडात, सकाळी करावं. बंद गॅरेजात नाही, इमारतीखालच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये नाही, खड्ड्यावर नाही, पावसात तर नाहीच. घरातली समई, उदबत्ती, गॅस, गिझर त्या वेळेपुरते बंद. फोन घरात ठेवा. वायरीचा हँडलॅम्प नको, बल्ब फुटला तर तीच ठिणगी. अंगावर सुती कपडे घाला, नायलॉन नको, आणि टाकीला हात लावण्याआधी गाडीच्या उघड्या पत्र्याला स्पर्श करून अंगातली स्थिर वीज उतरवा. सोबतीला एक माणूस हवा, त्याच्यापाशी कोरड्या पावडरीचं अग्निशामक नळकांडं आणि वाळूच्या दोन बादल्या. पाण्याची बादली ठेवू नका. पेट्रोल पाण्यावर तरंगतं, पाणी मारलं की आग पसरते. गाडी उघडली की आपल्याकडे शेजारी जमतात, आणि एखाद्याच्या हातात विडी असते. त्याला आधीच अंगणाबाहेर थांबवा, वाईटपणा आला तरी चालेल.

७. कुणी हात घालू नये

डिझेल गाडी, इंजिनाजवळ दुसरा उच्च दाबाचा पंप असलेली डायरेक्ट इंजेक्शनची गाडी, हायब्रीड, डिकीत सीएनजीचा सिलिंडर असलेली गाडी, आणि वॉरंटीतली कोणतीही गाडी घरी उघडू नये. काही गाड्यांत मागच्या सीटखाली पंपाचं झाकण असतं, काहींत टाकीच खाली उतरवावी लागते. ज्यांत टाकी उतरवावी लागते तीही गॅरेजला न्या. जॅकवर उचललेल्या गाडीखाली पेट्रोलची टाकी छातीवर घेणं हे घरचं काम नव्हे. मागच्या सीटखाली झाकण आहे, अशांसाठीच पुढचा भाग.

८. प्रत्यक्ष काम

टाकी पाव किंवा त्याहून कमी असताना काम काढा. जास्त पेट्रोल असेल तर हातपंपाने उपसा, नळी तोंडाने ओढू नका. उपसलेलं पेट्रोल घट्ट झाकणाच्या लोखंडी कॅनमध्ये, कॅन जमिनीवर टेकलेला. कायद्याने विक्रीसाठी नसलेलं पेट्रोल विनापरवाना एकूण ३० लिटरपर्यंत ठेवता येतं, तेही धातूच्या भांड्यात असेल तर एका भांड्यात २५ लिटरच्या वर नाही. पाण्याच्या प्लास्टिक बाटल्या यासाठी नाहीतच.

पहिलं पाऊल नळीतला दाब काढण्याचं. पंपाचा फ्यूज काढा आणि इंजिन सुरू करा. नळीतलं उरलेलं पेट्रोल संपलं की ते आपोआप बंद पडेल. आणखी दोन-तीनदा सेल्फ मारा. हे चुकवलं तर नळी सोडताच ३ बारची पिचकारी थेट डोळ्यांत येते. त्यानंतरच बॅटरीचा मायनस काढा आणि इंजिन पूर्ण निवू द्या.

मागची सीट उचला, झाकण काढा. खाली काय दिसेल ते सांगतो. धूळ, सुकलेली लाल माती, एखादं पान, कधी उंदराने आणून ठेवलेली भाताची लोंबी. हे सगळं आता, टाकी बंद असतानाच, ब्रशने आणि ओलसर फडक्याने पुसून घ्या. चिमूटभर माती आत पडली तर नव्या पंपाची जाळी पहिल्याच महिन्यात तुंबते.

प्लग काढा. नळ्यांच्या टोकांना दाबायच्या खुट्या असतात. त्या दाबून नळी सरळ ओढा, पिळू नका, जुनं प्लास्टिक तडकतं. खाली फडकं धरा, थोडं पेट्रोल निघणारच. काही गाड्यांत सांगाडा आठ बोल्टांनी धरलेला असतो, काहींत मोठ्या फिरकीच्या कड्याने. कडं घट्ट बसलेलं असतं आणि तिथे हातोडी-छिन्नी घेण्याचा मोह होतो. लोखंडावर लोखंड आपटलं की ठिणगी. लाकडी ठोकळा किंवा पितळी पट्टी लावून हलक्या ठोक्यांनी फिरवा.

सांगाड्यावरचा बाण किंवा खूण टाकीवरच्या कोणत्या खुणेसमोर आहे ते खडूने आखून ठेवा. मग सांगाडा सावकाश वर उचला, निम्मा बाहेर आला की थांबा, आतलं पेट्रोल निथळू द्या, आणि तिरका करत काढा. तरंगत्या गोळ्याची तार नाजूक असते. ती वाकली तर पंप उत्तम चालेल, पण पेट्रोलचा काटा कायम खोटं बोलेल. सांगाडा बाहेर येताच टाकीच्या तोंडावर स्वच्छ सुती फडकं टाका.

जुना आणि नवा शेजारी ठेवून पाहा. उंची, नळ्यांची तोंडं, प्लगच्या पिना, सगळं जुळलं पाहिजे. नव्याच्या खोक्यावर २० टक्के इथेनॉलला चालणारा असल्याचा उल्लेख पाहून घ्या. जुन्या जाळीवर बोट फिरवा. तिच्यावर तपकिरी चिकट थर असेल तर टाकीच्या तळाशीही तो आहे, आणि टाकी धुतल्याशिवाय नवा पंप बसवण्यात अर्थ नाही.

रबरी रिंग मात्र नवीनच हवी. जुनी पेट्रोलने फुगलेली असते आणि बाहेर काढल्यावर पुन्हा त्या खाचेत नीट बसत नाही. तिने बसल्यासारखं दाखवलं तरी टाकी पूर्ण भरल्यावर घाटात गाडीचं तोंड वर गेलं की तिथून पेट्रोल झिरपतं, नेमकं मुलं बसतात त्या सीटखाली. नवी रिंग कोरड्या हाताने खाचेत सगळीकडून सारखी बसवा, खूण जुळवून सांगाडा सोडा, कडं किंवा बोल्ट समोरासमोरचे आळीपाळीने थोडे थोडे आवळा. नळ्या ‘टिक’ आवाज येईपर्यंत दाबा आणि एकदा मागे ओढून पाहा. मग प्लग पुन्हा जोडा.

आता सीट लगेच बसवू नका. सांडलेलं पेट्रोल पुसा, सगळी दारं अर्धा तास उघडी ठेवा, पेट्रोलची फडकी लांब, मोकळ्यावर वाळत टाका. वास पूर्ण गेल्यावरच फ्यूज बसवा आणि शेवटी बॅटरी जोडा. चावी तीन-चारदा ‘ऑन’ करा. प्रत्येक वेळी ती दोन सेकंदांची गुणगुण ऐकू येईल, पहिल्यांदा थोडी खडबडीत, नळीतली हवा निघाली की एकसारखी. सोबत्याला नळ्यांच्या सांध्यांवर नजर ठेवायला सांगा. ओल दिसली नाही तर सेल्फ मारा. पाच-दहा मिनिटं इंजिन चालू ठेवून पुन्हा सांधे पाहा.

पहिला फेरफटका गावातच, कर्जत ते कडाव नाहीतर खालापूर ते चौक. परत आल्यावर सीट उचलून रिंगेभोवती कोरडं बोट फिरवा. दुसऱ्या दिवशी टाकी पूर्ण भरून तेच पुन्हा. दोन दिवसांनंतरही गाडीत पेट्रोलचा वास येत असेल तर रिंग बसलेली नाही, काम पुन्हा उघडावं लागेल, आणि तोवर गाडी वापरायची नाही. सगळं कोरडं असेल तर खोपोलीच्या पुढचा घाट चढून या.

झाकण लावण्याआधी त्याच्या आतल्या बाजूला कायमच्या शाईच्या पेनाने तारीख, किलोमीटरचा आकडा आणि पंपाचा पार्ट नंबर लिहा. पाच-सहा वर्षांनी हे झाकण उघडणाऱ्या माणसाला, मग तो तुम्ही असाल किंवा गाडी विकत घेतलेला कुणी, पहिली माहिती तिथूनच मिळेल.